स्लाइड कुठली, सही कुणाची?

पॅथॉलॉजिस्ट हा रोग्याला सहसा न भेटणारा डॉक्टर. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात, स्लाइड बघून हा चार ओळी लिहितो आणि त्यावर ऑपरेशन, केमो सगळं ठरतं. आता तीच स्लाइड संगणकाच्या पडद्यावर कुठूनही पाहता येते. मग डॉक्टर कुठे बसला आहे याची चौकशी कशाला?

अमेरिकेत, काही अपवाद सोडले तर, रोगी ज्या राज्यातला त्या राज्याचा परवाना लागतो. आपल्याकडे ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल आली आणि सगळ्या देशाची एकच नोंदवही झाली. इन्व्हरनेसची स्लाइड कार्डिफमध्ये वाचली तरी वेगळा परवाना लागत नाही. १९७५ साली याच कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून परीक्षा सुरू केली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना तो अपमान वाटला. वाटणारच! परवाना म्हणजे विद्वत्तेचा दाखला, असंच आपण धरून चालतो. पण नोंदवही खरी रोग्यासाठी असते. त्याला नाव शोधता येतं, तक्रार करता येते, वेळ आली तर ते नाव खोडलंही जातं.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर नोंदणीकृत, पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचीच सही हवी. ठीकच आहे. पण सही करणाऱ्याने स्लाइड पाहिली का, हा प्रश्न उरतोच. पुढच्या गल्लीत बसून न पाहता सही देणारा डॉक्टर मला सातासमुद्रापार नीट पाहणाऱ्यापेक्षा जास्त लांबचा वाटतो.

आपल्या मंडळातल्या डॉक्टरांना पुण्या-साताऱ्याहून येणारे फोन काही नवे नाहीत. "आत्याचा रिपोर्ट पाठवलाय, जरा नजर टाक ना." जवळच्या माणसांवर शक्यतो उपचार करू नयेत, असं कौन्सिल सांगतं, आत्याला ते कसं सांगायचं? मी रिपोर्टमधले शब्द समजावून सांगतो, निदान करत नाही. शंका असेल तर स्लाइड आणि ब्लॉक घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला सांगतो. "एवढं शिकून उपयोग काय?" हे ऐकून घ्यावं लागतं. पण माझं मत चुकलं तर आत्या दाद कुणाकडे मागणार? सख्ख्या भाच्याविरुद्ध तक्रार करायला ती थोडीच धजणार आहे!