नाव विचारण्याआधी

आंबिवलीला आमच्या घरी रात्रीचे जेवण झाले, इशाची नमाज आटोपली की अम्मी टीव्हीसमोर बसत असे. तिला गुन्हेगारीच्या मालिकांचे वेड होते. वेड म्हणणेही बरोबर नाही. त्या तिला बघवत नसत आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे. सोनी वाहिनीवर २००३ साली ‘क्राइम पेट्रोल’ सुरू झाली आणि पुढे तशा मालिकांची रीघच लागली. अशाच एका रात्री पडद्यावर विहिरीतून एका सुनेचे प्रेत वर काढत होते. अम्मीने पदर डोळ्यांवर घेतला आणि पदराआडूनच विचारले, “कुणी मारलं रे तिला? नाव काय दाखवलंय त्याचं?” मी नाव सांगितले. ते आपल्यातले नव्हते. “शुक्र आहे अल्लाहचं,” म्हणत अम्मीने पदर खाली घेतला.

मला तिचे हसू आले नाही. कारण ते नाव ऐकताना माझ्याही छातीवरचे ओझे उतरले होते. विहिरीतली मुलगी मात्र आम्हा दोघांच्याही मनातून तेवढ्यात निघून गेली होती.

भयंकर प्रसंग पाहून आपल्याला धक्का बसतो, तो नेमका कशाचा असतो? हा प्रश्न टीव्हीपेक्षा फार जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये लिऑन्टियस नावाच्या एका माणसाची हकीकत आहे. पायरियस बंदराकडून अथेन्सला येताना तटाबाहेर फाशीवाल्याजवळ पडलेली प्रेते त्याला दिसली. पाहण्याची इच्छाही झाली आणि स्वतःची किळसही आली. बराच वेळ त्याने तोंड झाकून धरले. शेवटी इच्छेने मात केली, तेव्हा डोळे फाडून तो प्रेतांकडे धावला आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या देऊ लागला. कसारा लाइनवर रुळांशेजारी चादरीने झाकलेले काही दिसले, की डब्याच्या दाराशी जी गर्दी होते, त्या गर्दीत हा लिऑन्टियस आजही उभा असतो. त्याला निदान शरम तरी वाटली होती. आमच्या वाट्याला त्या शरमेच्या जागी हायसे वाटणे आले.

हे हायसे वाटणे दुष्टपणाचे नाही, भीतीचे आहे, हे कबूल केले पाहिजे. आंबिवलीत राहणाऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इथल्या इराणी वस्तीचे नाव सोनसाखळी चोरीच्या बातम्यांत इतक्या वेळा आले, की त्या वस्तीतल्या कष्ट करून खाणाऱ्या माणसालाही आपला पत्ता सांगताना अडखळावे लागते. गुन्हा एकाने करायचा आणि जबाब मात्र सगळ्या मोहल्ल्याने द्यायचा, अशी रीत पडली म्हणजे माणूस बातमी ऐकताना आधी नावच शोधणार. पण भीतीमुळे अशी सवय का लागली ते कळते, म्हणून ती योग्य ठरत नाही.

ही सवय फक्त आपलीच आहे असेही नाही. वसईच्या एका तरुणीचा मे २०२२ मध्ये दिल्लीत खून झाला. नोव्हेंबरमध्ये ते उघडकीस आले आणि सारा देश हादरला. तिच्याबरोबर राहणारा आरोपी मुसलमान नावाचा होता. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस ‘क्राइम पेट्रोल’च्या एका भागात तशाच प्रकारच्या खुनाची गोष्ट आली. त्यात खुनी हिंदू नावाचा आणि मुलगी ख्रिस्ती नावाची होती. प्रेक्षकांचा संताप उसळला, वाहिनीवर बहिष्काराची भाषा झाली. कथानक काल्पनिक असून २०११ च्या घटनांवर बेतलेले आहे, असा खुलासा वाहिनीने केला, माफी मागितली आणि तो भाग मागे घेतला.

संतापलेल्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. ताज्या जखमेची आठवण यावी अशी गोष्ट दाखवायची, तर नावे निवडताना जबाबदारीने वागले पाहिजे. पण विचार करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. एका बाईच्या देहाचे तुकडे केल्याची कथा घराघरात दाखवली गेली आणि भांडण झाले ते मारणाऱ्याच्या नावावरून. ते नाव दुसरे असते, तर तो संताप झाला असता का? आणि तेव्हा आपण, म्हणजे तुम्ही-मी, चिडलो नसतो का? दोन्ही बाजूंनी प्रश्न एकच विचारला जात होता, आणि तो अम्मीचाच प्रश्न होता.

इथे मला ‘तमस’ आठवते. कल्याणला दुर्गाडीचा पूल ओलांडला की रस्ता भिवंडीला जातो. १९७० च्या दंगलीनंतर भीष्म साहनी आपले बंधू बलराज यांच्याबरोबर त्या भिवंडीत आले होते. जळालेले गाव पाहून त्यांना १९४७ चे रावळपिंडी आठवले आणि त्यातून ‘तमस’ कादंबरी लिहिली गेली. गोविंद निहलानींनी तिच्यावर केलेली मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली. तेव्हा मोहन्याचा एनआरसी कारखाना चालू होता. कामगारांच्या एका घरात आम्ही सगळ्या जातीधर्मांचे दहा-बाराजण दाटीने बसलो होतो. ओम पुरींचा नथ्थू डुकराला मारतो तो लांबलचक प्रसंग सुरू झाला आणि खोलीतले बोलणे थांबले. ते डुक्कर पुढे मशिदीच्या पायरीवर सापडते. त्या वेळी आम्ही कोणीच एकमेकांकडे पाहू शकलो नाही.

मालिका थांबवावी म्हणून मुंबईच्या एका रहिवाशाने उच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायमूर्ती लेंटिन आणि सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका पाहिली आणि प्रक्षेपणाला परवानगी दिली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. तो देताना न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी नागपूरला १९४६ साली घालून दिलेल्या कसोटीचा आधार घेतला. शब्दांचा परिणाम डळमळीत मनाच्या माणसावरून नव्हे, तर समंजस, खंबीर आणि धीट माणसावरून जोखावा, असा त्या कसोटीचा आशय आहे. न्यायालयाने आपल्याला तसे प्रेक्षक मानले. आपण तसे आहोत का, हे मात्र न्यायालय ठरवू शकत नाही.

‘तमस’मध्ये नावाचा दिलासा कुणालाच मिळत नाही. मशिदीसमोर डुक्कर टाकले जाते, त्यामागे कट आहे तो मुराद अलीचा. नथ्थू बिचारा चांभार, त्याला फसवून ते मारायला लावलेले. कादंबरीच्या शेवटी शांततेच्या घोषणा देत फिरणाऱ्या बसमध्ये पुढे बसलेला असतो तोच मुराद अली, आणि तोवर नथ्थू मेलेला असतो. नावे मोजणाऱ्याचा हिशेब इथे जुळतच नाही. मग नाइलाजाने माणसाकडे पाहावे लागते.

तेव्हा एक भाग पाहिला की दुसऱ्यासाठी आठवडाभर थांबावे लागे. तेवढे दिवस तो प्रसंग आपल्याबरोबर कामावर येई, लोकलमध्ये शेजारी बसे. आज मोबाइलवर एक भाग संपला की काही सेकंदांत दुसरा आपोआप सुरू होतो. हादरलेल्या मनाला थोडे थांबण्याचीही सवड नाही. वाईट गोष्ट हाताने रोखावी, ते न जमल्यास जिभेने, आणि तेही न जमल्यास निदान मनाने तरी ती वाईट मानावी, अशी शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पडद्यासमोर बसलेल्याच्या हाती बहुधा हे शेवटचेच उरते. तेही आपण खुन्याचे नाव ऐकून मगच करणार असू, तर आपल्याजवळ उरले काय?

आता अम्मी नाही. पण ती रात्र परत आली आणि पदराआडून तिने तोच प्रश्न विचारला, तर मी आधी त्या विहिरीतल्या मुलीचे नाव सांगेन. अडचण एवढीच आहे की खुन्याचे नाव मला अजून आठवते, तिचे मी त्याच रात्री विसरलो.