थडग्यांत राहणारा मनुष्य व त्याचे घर
(शास्त्रभाग : मार्क ५:१–२०)



गरसेकरांच्या प्रदेशातील त्या मनुष्याची हकीकत आपण पुष्कळ वेळा ऐकली आहे. तो थडग्यांत राहत असे, रात्रंदिवस ओरडत असे व दगडांनी आपले अंग ठेचून घेत असे. उपदेशक बहुधा डुकरांच्या कळपापाशी फार वेळ रेंगाळतात. आज आम्ही साखळ्यांपाशी थांबू इच्छितो. त्या गावास ह्या मनुष्यासाठी दुसरा काही उपाय सुचला नाही. त्यांनी त्यास बांधले, व त्याने बेड्या तोडल्यावर पुन्हा बांधले.

हा उपाय आपल्या देशातून अद्याप नाहीसा झालेला नाही. ता. ६ ऑगस्ट १००१ नव्हे, तर अगदी आपल्या काळात, ता. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहास पहाटे आग लागली. आतील मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले असल्यामुळे त्यांस पळता आले नाही, व २८ जण प्राणास मुकले. तेथील दर्ग्याच्या पुण्याईने बरे होतील ह्या आशेने नातलगांनी त्यांस आणले होते. हा परधर्मीयांचा दोष असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. रोग्यास कोठडीत कोंडून बाहेर उपासप्रार्थना चालवणारी घरे ख्रिस्ती नावाचीही असू शकतात.

येथे उपदेशकांस हमखास विचारला जाणारा प्रश्न येतो : हे भूत की रोग? मत्तय ४:२४ काढून पाहा. तेथे भूतग्रस्त, फेफरेकरी व पक्षाघाती असे निरनिराळे सांगितले आहेत. म्हणजे प्रत्येक विचित्र वागणे बाधेच्या खाती मांडावे, असे शास्त्र शिकवीत नाही. थडग्यांतील त्या मनुष्याच्या दुखण्यास आजचे वैद्य काय नाव देतील हे ठरवणे आमचे काम नव्हे. परंतु शेजारच्या घरातील जो मुलगा दोन महिने न्हात नाही, रात्री झोपत नाही, एकटाच पुटपुटतो, कोणी नसता आवाज ऐकतो आणि आईने भाकरीत विष कालवले असे म्हणतो, त्याच्याविषयी आम्ही बोलू शकतो. त्याचे लक्षण छिन्नमनस्कतेचे, म्हणजे डॉक्टर ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या रोगाचे, असण्याचा संभव फार आहे. खात्री डॉक्टरांनी करावी. कारण तीव्र ताप, दारू, गांजा व मेंदूचे इतर विकार ह्यांनीही असे भास होतात.

जगात सुमारे ३०० माणसांत एकास हा रोग आहे. तो बहुधा ऐन तारुण्यात, विशीच्या आगेमागे सुरू होतो. त्यात मेंदूचे काम बिघडते. काही अंशी तो आनुवंशिक असतो. करणी, पूर्वजांचे पाप अथवा आईने लावलेले वळण ही त्याची कारणे नव्हेत. मातांनी हे वाक्य दोनदा वाचावे, कारण गावात पहिला बोल त्यांनाच लागतो. आणखी, लग्न लावून दिले म्हणजे पोरगा ताळ्यावर येतो, ही समजूत तर आम्हांस निव्वळ क्रूर वाटते. तिच्या पायी रोगी बरा होत नाही, आणि ज्या मुलीस काही सांगितलेच नाही तिचा जन्म मात्र दुःखात जातो.

ह्या रोगावर औषध आहे. १९५२ साली पॅरिस शहरात डले व डेनिकर ह्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांस देऊन पाहिले, तेव्हापासून उपचारांचे रूपच पालटले. आता पुष्कळ औषधे आहेत. रोज गोळी न घेणाऱ्यास काही आठवड्यांनी एकदा द्यावयाची इंजेक्शनेही आहेत. त्यांनी काहींस झोप येते, अंग ताठरते, हात कापतात, वजन वाढते. असे झाले तर डॉक्टरांस सांगावे, म्हणजे ते औषध अथवा मात्रा बदलतील. बरे वाटले म्हणून, अथवा विश्वास सिद्ध करावा म्हणून, गोळ्या आपण होऊन थांबवू नयेत. थांबवल्यास रोग बहुधा उलटतो. प्रार्थना अवश्य करा, पण गोळी दिल्यावर करा. एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्यास आधी भाकर व पाणी दिले आणि झोपू दिले; उपवास करावयास सांगितले नाही.

आता शुश्रूषेचे. रोगी आपल्या भ्रमाविषयी बोलू लागला तर वाद घालू नका, व होयही म्हणू नका. “मला तो आवाज ऐकू येत नाही, बाळा, पण तुला येतो आणि तू भ्याला आहेस, हे मला दिसते,” असे म्हणावे. वाक्ये लहान असावीत. त्याच्यासमोर कुजबुजू नये, हसू नये, पाठीमागून एकाएकी अंगास हात लावू नये. आवाज काय सांगतात हे शांतपणे विचारावे. स्वतःस अथवा दुसऱ्यास इजा करण्याची आज्ञा ते करीत असतील, तर त्यास एकटे न सोडता, कीटकनाशक, दोर व कोयता दूर ठेवून, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. असे रोगी मारकुटे असतात हा समज बहुतेकांविषयी खोटा आहे. मार खाणारे तेच अधिक असतात. आणि जेथे दिवसभर टोमणे व टीका चालते, त्या घरात रोग लवकर उलटतो, असे अभ्यासकांस वारंवार आढळले आहे.

बरा झालेला तो मनुष्य प्रभूबरोबर होडीत येऊ इच्छीत होता, पण प्रभूने त्यास आपल्या घरी, आपल्या माणसांकडे पाठवले. ह्या आज्ञेचे ओझे त्याच्या घरच्यांवरही होते, असे आम्हांस वाटते. कालपर्यंत ज्यास बांधीत होते, त्यास आता पंगतीस घ्यावयाचे होते. सातारा, गोवा व तामिळनाडू येथे ह्याच रोगाच्या रोग्यांवर एक मोठी पाहणी झाली व ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. डॉक्टरांच्या उपचारांस जोडून, शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते घरी जाऊन रोग्यास व कुटुंबास साहाय्य करीत. केवळ दवाखान्यात जाणाऱ्यांपेक्षा ह्या रोग्यांची प्रकृती काहीशी अधिक सुधारली, व रोजची कामे त्यांस अधिक जमू लागली. गुण थोडाच अधिक होता, पण तो आणणारे हात डॉक्टरांचे नव्हते. असे हात आपल्या मंडळीत नाहीत काय?

मनोरुग्णास साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मना केले आहे, व सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा त्याचा हक्क ठरवला आहे. आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १४४१६ ह्या क्रमांकावर टेलिमानसची सेवा अहोरात्र फुकट मिळते, व मराठीत बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना पूर्वीच्या गोळ्यांची पाकिटे, व झोप केव्हा गेली, आवाज केव्हा सुरू झाले ह्यांच्या तारखा कागदावर लिहून न्याव्यात. घरात कोणास लिहिता येत नसेल तर उपदेशकाने लिहून द्यावे, आणि पहिल्या खेपेस त्या आईबापांबरोबर एसटीत जाऊन बसावे.