मधली अक्षरं

डोळ्यांइतकं उदार गिऱ्हाईक जगात दुसरं नाही. पाटीवर 'झणझणीत मिळसपाव' असं रंगवलेलं असलं, तरी ते 'मिसळपाव' असंच वाचतात आणि पायांना हॉटेलात घेऊन जातात. बशीत येते तीही मिसळच. रंगाऱ्याची चूक, पण तक्रार कुणाचीच नाही.

विद्वानांनी या औदार्याचाही अभ्यास केलाय. ग्रॅहम रॉलिन्सन यांनी १९७६ साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात यावर चक्क प्रबंध लिहिला. इंग्रजी शब्दाची दोन्ही टोकं जागच्या जागी ठेवून मधल्या अक्षरांची उलथापालथ केली, तरी बहुधा अर्थ लागतो. २००३ मध्ये हीच गोष्ट 'केंब्रिजचं संशोधन' म्हणून ई-मेलमधून जगभर फिरली. केंब्रिजला त्याचा पत्ताच नव्हता! पुढे २००६ मध्ये कीथ रेनर आणि मंडळींनी खर्चाचा हिशेब मांडला. मधली अक्षरं हलली तर वाचनाचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी घटतो, शेवटची हलली तर २६ आणि सुरुवातीची हलली तर ३६. म्हणजे औदार्य बिनव्याजी नाही.

आपल्याला तर याची बाळपणापासून सवय. 'किती'मधली पहिली वेलांटी उच्चारात 'क'च्या मागून येते, पण कागदावर रांग मोडून पुढे उभी असते. आपण तिला कधी हटकलंय?

आकड्यांना मात्र ही सवलत नाही. ४५ चे ५४ झाले तर डोळ्यांना काय कळणार? दोघेही सारखेच अब्रूदार! बेरजेतल्या फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, की जुना कारकून ताडतो, कुठेतरी दोन आकड्यांनी खुर्च्या बदलल्यात. म्हणूनच १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १८ सांगतं, चेकवर अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी असेल, तर अक्षरी खरी. (बँक तो चेक बहुधा परतच करते, तो भाग वेगळा.)

आता प्रश्न असा, की माणसं कशी वाचावीत? शब्दांसारखी की आकड्यांसारखी? परक्याला आपण आकड्यासारखं तपासतो आणि घरच्यांना शब्दासारखं सांभाळून घेतो. 'अहो, ते त्याच्यात ठेवा' एवढ्यावर साखर बरोबर डब्यात जाते. याला प्रेम म्हणतात. पण त्यातच एक गोम आहे. डोळे चूक पोटात घालतात, कारण पुढे काय असणार हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. गावाहून आईचा फोन येतो. सुरुवातीला 'जेवलास का?', शेवटी 'तब्येतीला जप'. दोन्ही टोकं ठाकठीक, म्हणून मधलं आपण अंदाजानं वाचून टाकतो. त्या मधल्यातच कुठेतरी 'हल्ली जिना चढवत नाही रे' हे अक्षर हललेलं असतं.

तेव्हा चूक माफ करायची असेल, तर माणूस खुशाल शब्दासारखा वाचावा. विचारपूस करायची असेल, तर मात्र आकड्यासारखा, एकेक घर बोट ठेवून. वेग घटेल, घटू द्या. फोनवर काही मागे गिऱ्हाइकांची रांग नसते.