धंद्याचें हस्तांतर आणि नोकराचा हक्क

एखादा कारखाना विकला जातो तेव्हां इमारती, यंत्रें, देणीं-घेणीं आणि नांवलौकिक हीं सर्व नव्या धन्याकडे जातात. तेथें वीस वर्षें राबलेला नोकर कोणत्या सदरांत धरावा? यंत्राप्रमाणें तोहि खरेदीखतांत लिहिला, तर तो माणूस न राहतां वस्तु होतो. न लिहिला, तर एका रात्रींत उघड्यावर पडतो.

इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढें 1940 सालीं डोंकास्टरच्या कोळशाच्या खाणींसंबंधीं खटला आला. खाण एका कंपनीकडून दुसरीकडे गेली. तिच्याबरोबर खाणकामगाराचा करारहि आपोआप गेला काय, हा प्रश्न होता. नाहीं, असें ठरलें. स्वतंत्र मनुष्य आपला धनी आपण निवडतो. तत्त्व उदात्त खरें. पण ज्याच्या घरीं उद्यांचें धान्य नाहीं त्यास ही निवड कितपत करतां येते?

आपल्याकडील उदाहरण बार्शी लाइट रेल्वेचें. पंढरीच्या वारकऱ्यांस ओळखीची ही अरुंद रुळांची गाडी 1 जानेवारी 1954 रोजीं कंपनीकडून सरकारकडे आली. रूळ तेच, स्टेशनें तींच. पण आदल्याच दिवशीं कंपनीनें सर्वांची नोकरी संपविली होती. बहुतेकांस सरकारनें पुन्हां घेतलें. नोकरांनीं कपातीची भरपाई मागितली, तेव्हां 1956 सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, चालू धंद्यांतील जादा माणसें कमी करणें म्हणजे कपात. धंदाच दुसऱ्याकडे गेला तर ती कपात नव्हे. शब्दार्थ बरोबर असेल, पण तो स्टेशनावरील पोर्टरास समजावून सांगणें आम्हांस जमलें नसतें. संसदेनें 1957 सालीं कायदा दुरुस्त केला: वर्षभर सलग काम केलेल्या कामगारास नोटीस व भरपाई मिळावी, मात्र नव्या मालकानें मागील सेवा धरून, पूर्वीहून कमी नसलेल्या शर्तींवर काम चालू ठेवलें, तर नाहीं. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेंतहि हीच व्यवस्था आहे.

आमच्या मतें कायदा येथें अर्ध्यावर थांबला. काम चालू ठेवावें कीं पैसे देऊन मोकळें व्हावें, हें ठरवितात दोन मालक. ज्याचें आयुष्य त्यांत गुंतलें तो नुसता निकाल ऐकतो. ब्रिटनमध्यें 1981 च्या नियमांनीं करार आपोआप नव्या मालकाकडे जाऊं लागला, व 1993 सालीं नोकरास नकाराचा हक्कहि मिळाला. परंतु नकार देणारा सामान्यतः रिकाम्या हातानें जातो. सेवा चालू राहणें हा नोकराचा हक्क असावा, ती सोडणें हीहि त्याचीच मुखत्यारी असावी, आणि ती वापरली म्हणून त्याच्या मागील वर्षांचें मोल बुडूं नये.

मग बुडता कारखाना घेण्यास कोण पुढें येईल, असें विचारतात. आक्षेप पोकळ नाहीं. पण खरेदीदार जुनें कर्ज मोजूनच किंमत ठरवितो. नोकरांच्या सेवेचीं वर्षेंहि त्यानें त्याच हिशेबांत धरावीं, एवढेंच मागणें आहे.