दारापर्यंत की दाराच्या आत?

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात जन्मापासून पांगळा असलेला एक मनुष्य भेटतो. त्याला रोज उचलून आणून मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजापाशी ठेवीत असत. उचलणाऱ्यांची दया खोटी नव्हती, पण ती दारापाशी थांबत होती. बरा झाल्यावर हा मनुष्य घरी धावत गेला नाही, तर पेत्र व योहान यांच्याबरोबर मंदिरात आत गेला.

हे आठवायचे कारण अजिंठा. आपल्या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, वाघोरा नदीकाठच्या कड्यात बौद्ध भिक्षूंसाठी राहायला विहार आणि उपासनेला चैत्यगृहे कोरली गेली. १९८३ साली ही लेणी जागतिक वारसा ठरली. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी तिथे डोली असते. खुर्चीला दांडे आणि उचलायला चार भोई. चार म्हटल्यावर मार्कच्या शुभवर्तमानातले ते चौघे आठवतातच. छप्पर उसकटून त्यांनी पक्षघाती माणसाला थेट येशूपुढे उतरवले. (घरमालक काय म्हणाला, ते मार्कने लिहिले नाही!) भोई कष्टाची भाकरी खातात, त्यांना कमी लेखू नये. तरी दुसऱ्याच्या खांद्यावरून जाणे आणि आपल्या मर्जीने, आपल्या वेळेने जाणे, हे एकच का?

‘पुरातन वास्तूला हात कसा लावायचा?’ असे म्हणतात. दगड फोडू नये हे मलाही पटते. पण आज आपण ज्या वाटेने एका लेण्यातून दुसऱ्या लेण्याकडे जातो, ती भिक्षूंच्या काळची नाही. तेव्हा नदीपासून लेण्यांकडे वेगवेगळे जिने चढत. सलग वाट पुष्कळ नंतर झाली, चालणाऱ्यांच्या सोयीसाठी. म्हणजे बदल चालतो, प्रश्न कोणासाठी एवढाच. उचलून ठेवता येणाऱ्या लाकडी उताराने दगडाचे काय बिघडते? दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक नव्हेत, बंधनकारक हवेत.

दुसऱ्यांच्या मठाकडे बोट दाखवणे सोपे. आपल्या वेदीलाही पायऱ्या आहेत. चाकाच्या खुर्चीवरील भाविकाला आपण ख्रिस्तप्रसाद बाकापाशी नेऊन देतो, हे चांगलेच. पण त्याला मिस्सामध्ये पहिले वाचन करायचे असेल तर? वाचकांच्या यादीत अशा कोणाचे नाव आजवर आलेले नाही. त्यांनी मागितले नाही म्हणून, की आपण कधी विचारलेच नाही म्हणून?