मोराचं गणित, मोराचा रंग

9 हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुंध्याशी बीळ, आणि 27 हातांवरून साप बिळाकडे निघालाय. मोर तिरका झेपावतो. दोघांचा वेग सारखा. गाठ कुठे पडेल? 'लीलावती'तल्या या उदाहरणाचं उत्तर आहे बिळापासून 12 हातांवर. तोवर दोघांनीही 15 हात अंतर कापलेलं असतं.

गंमत म्हणजे वेग किती, हे भास्कराचार्य सांगतच नाहीत. तो सारखा आहे, एवढ्यावर भागतं. पण याच मोराला अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं त्वरण लावलं, की सापाचा वेग विचारल्याशिवाय गणित हलत नाही.

बदलती गती त्यांना ठाऊक नव्हती, असं मुळीच नाही. 1150 च्या 'सिद्धांतशिरोमणी'त, ग्रहगणितात, ते चंद्राची तात्कालिक गती काढतात. तिथी नेमकी कधी संपते हे सांगायला दिवसभराची सरासरी गती पुरत नाही. मोराला दिलेली सूट त्यांनी चंद्राला दिली नाही! चाळीसगावजवळच्या पाटण्याला 1207 चा शिलालेख आहे; त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव यांनी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. कुठली सूट कुठवर चालते, हा प्रश्न तिथल्या शिष्यांनाही पडलाच असणार.

आजच्या पुस्तकातली गाडी 'स्थिर अवस्थेतून एकसमान त्वरणाने' सुटते. चाळीसगावहून शिरूड, बोरविहीर करत धुळ्याला जाणारी गाडी असं कधीच वागत नाही. त्याला हरकत नाही. हरकत आहे ती 'एकसमान' हा शब्द ओलांडून थेट सूत्रावर उडी मारण्याला.

बारावीच्या व्यतिकरणातही तेच. दोन फटींतून आलेल्या प्रकाशाच्या वाटा सारख्या लांबीच्या असल्या की पडद्यावर उजेड. अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडला की अंधार. सोडियमचा 589 नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश, फटींत अर्धा मिलिमीटर, पडदा 1 मीटरवर: पट्टीची रुंदी सुमारे 1.2 मिलिमीटर येते. हे सुटसुटीत सूत्र चालतं, कारण पडद्याच्या अंतरापुढे फटींमधलं अंतर फारच लहान असतं. पडदा फटींच्या अगदी जवळ आणला, की मोरासारखा काटकोन त्रिकोणच मांडावा लागतो.

हा धडा खरं तर मोराच्या अंगावरच आहे. पिसातलं रंगद्रव्य, मेलॅनिन, काळपट तपकिरी असतं. निळा-हिरवा रंग येतो तो मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्यांच्या जाळीदार मांडणीतून: तिच्या थरांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि ठरावीक रंग बळावतात. पीस पाण्याने भिजलं की हे रंग जातात, असं रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्येच 'मायक्रोग्राफिया'त नोंदवलं होतं. करून पाहायचं तर गळून पडलेलं पीस घ्यावं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मोराला संरक्षण आहे.