कच्चे मडके आणि थापटणारा हात

अहमदपूरकडच्या एका बाईंनी मुलाला लातुरास शिकायला ठेवले आहे. त्या आम्हांस म्हणाल्या, "महाराज, लेकरू सणाला घरी येतंय, पण घरात नसतंय. मोबाइलवर फोटो टाकतंय अन् किती जणांनी पसंत केला ते घडीघडी बघतंय. आकडा कमी भरला की जेवण गोड लागत नाही त्याला. काय करावं?"

हा प्रश्न एका घरचा नव्हे. दहावीनंतर नांदेड-लातूरच्या शिकवणीवर्गांसाठी खेड्यापाड्यांतील कितीतरी मुले खोली करून राहतात. गाव सुटलेले, जिवाभावाचे कोणी जवळ नाही. अशा वयात 'मी कोण? मला काही किंमत आहे का?' हा प्रश्न उठतोच, आणि मुले तो हातातल्या यंत्राला विचारतात.

सज्जनहो, गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून तेरच्या या कुंभाराने थापटणे उचलले आणि जमलेल्या एकेका संताचे डोके थापटून पाहिले. सगळे शांत राहिले, नामदेवराय मात्र संतापले. 'हे मडके कच्चे' असा निर्वाळा मिळाला. प्रत्यक्ष देव ज्यांच्याशी बोलतो, त्यांना चारचौघांत कच्चे म्हटले! केवढे दुःख झाले असेल!

आजच्या मुलाच्या डोक्यावर असे थापटणे दिवसातून शंभर वेळा बसते. फेसबुकावर अंगठ्याची खूण २००९ साली आली, इन्स्टाग्राम २०१० साली निघाले. पण थापटणारा हात कोणाचा, हे पाहिले पाहिजे. गोरोबांचा जन्म मातीत गेला होता. कच्चे-पक्के त्यांना आवाजावरून कळे. इथे अंगठा दाबणारा क्षणभर पाहतो आणि पुढे सरकतो. शिवाय फोटो कोणापुढे न्यायचा हे कंपनीचे यंत्र ठरवते. लोकांची नजर जितकी खिळेल तितक्या जाहिराती दाखवता येतात, हा त्यातला व्यवहार. म्हणजे वीसच अंगठे आले तर मुलगा उणा ठरला असे नव्हे. पुष्कळांनी तो फोटो पाहिलेलाही नसतो. २०२१ साली इन्स्टाग्रामने हा आकडा झाकून ठेवण्याची सोय दिली. ती मुलांना जरूर दाखवावी.

आणखी एक गोष्ट. कच्चे म्हटले, तरी संतांनी नामदेवरायांना टाकले नाही. देवाने त्यांना औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे पाठविले. दुखावलेल्या जीवाला जायला एक दार होते. आपल्या लेकरांना असे दार आहे का? फोनवर तर एका बोटासरशी मैत्री तुटते. आणि घरी आल्यावर आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "किती मार्क पडले?" मग आपला आकडा आणि मोबाइलचा आकडा यांत फरक तो काय राहिला? कीर्तनाचे चित्रण टाकून किती जणांनी पाहिले ते मोजणारे आम्हीही त्यातलेच.

फोन फोडा, असे आम्ही सांगणार नाही. रात्री त्याच फोनवर आईला लेकराचे तोंड दिसते. त्या माउलीस आम्ही एवढेच म्हणालो, "बाई, मार्कांच्या आधी 'जेवलास का, बाबा' विचारा. त्याला रागावू द्या, रडू द्या, पण उठून जाऊ नका. आणि आषाढीला एक मजल का होईना, दिंडीत चालवा." दिंडीत कोणी आकडा विचारीत नाही. अनोळखी म्हातारा पाया पडून 'माउली' म्हणतो. काही करून दाखवण्याआधीच मुलाला ती पदवी मिळते.

कच्चे ठरलेल्या त्याच नामदेवरायांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबात त्या ग्रंथापुढे माथे टेकतात. पंढरीत मात्र त्यांनी महाद्वाराची पायरी मागितली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून. आपली किंमत ज्याला कळली, त्याला ती लोकांकडून मोजून घ्यावी लागत नाही.

रामकृष्णहरि.